ध्वनिमुद्रिकांची प्रतपरीक्षा

(१) प्रास्ताविक

एखाद्या बखरीच्या चार प्रती हातीं आल्या असतां, ज्या प्रतीचें अक्षर सुंदर व कागद शाबूत तेवढी ठेवून बाकीच्या तीन संशोधक रद्दींत टाकीत नाहीं. प्रत कोणीं केली, कोठें केली, कोणत्या मूळावरून केली, आणि मूळ व प्रत यांच्यामध्यें किती नकलकारांचे हात फिरले, हें तो प्रथम विचारतो. मग पाठाची किंमत ठरवितो. ही रीत आपल्या मंडळींत इतकी रुळली आहे कीं तिचें समर्थन करण्याचें कारण उरलेलें नाहीं. परंतु त्याच संशोधकाच्या घरीं वडिलोपार्जित ग्रामोफोनच्या तबकड्यांची पेटी निघाली म्हणजे तो ही रीत विसरतो. यंत्रानें काढलेल्या प्रती त्या सर्व एकसारख्याच असावयाच्या, अशी त्याची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्या पायीं आमच्या हातून एक हानि झाली. म्हणून प्रस्तुत लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं एका जुन्या वाड्यांतील सामान विक्रीस निघालें. त्यांत एकाच नाट्यपदाच्या, एकाच सूचिक्रमांकाच्या दोन तबकड्या आम्हांस मिळाल्या. एक स्वच्छ वाजत होती. दुसरीवर खरखर फार होती. स्वच्छ ती आम्हीं ठेविली व दुसरी दुबार समजून एका स्नेह्यांस देऊन टाकिली. मात्र देण्यापूर्वीं, शिलालेखाचा ठसा घेण्याची जी जुनी संवय आहे तीस अनुसरून, दोन्ही तबकड्यांच्या मधल्या कड्यावरील अक्षरांवर पातळ कागद धरून शिसपेन्सिलीनें ठसे उतरून घेतले होते. पुढें दोन वर्षांनीं यादी करतांना ते ठसे ताडून पाहिले, तेव्हां मुख्य अंक एकच असून त्यापुढील बारीक अंक मात्र निराळा आहे असें दिसून आलें. म्हणजे त्या तबकड्या एका गायनाच्या दोन प्रती नव्हत्या. गायकानें तेंच पद दोनदां म्हटलें होतें, आणि तीं दोन्ही गायनें एकाच क्रमांकाखालीं विकलीं गेलीं होतीं. आम्ही स्नेह्यांकडे धांव घेतली. पण तबकडी उजळावी म्हणून त्यांनीं ती स्पिरिटनें पुसून काढिली होती. तबकडी लाखेची होती, व स्पिरिटांत लाख विरघळते. चरी बुजून गेल्या होत्या. त्या दुसऱ्या गायनाची प्रत आम्हांस अद्याप कोठेंहि आढळलेली नाहीं.

ह्या प्रकरणांत आमची चूक कोणती झाली? आम्हीं प्रतीच्या स्वच्छतेवरून पाठाची किंमत ठरविली. प्रतीचा कागद उत्तम असणें आणि प्रत मूळाच्या जवळची असणें ह्या दोन भिन्न गोष्टी होत, हें पोथ्यांच्या बाबतींत आम्ही कधीं विसरलों नसतों. तबकड्यांसहि हाच नियम कसा लागू पडतो, आणि निरनिराळ्या कारखान्यांच्या छापांची तुलना त्या नियमानें कशी करावी, हें पुढें सांगितलें आहे.

(२) तबकडीची वंशावळ

तबकडी कशी तयार होते हें ठाऊक असल्याशिवाय तिची परीक्षा करतां येत नाहीं. जुन्या पद्धतींत गायनाचे वेळीं एक सुई मेणाच्या जाड तबकडीवर चर कोरीत जाई. हें मेण म्हणजे मूळ हस्तलिखित. त्यावर वीज वाहूं शकेल असा सूक्ष्म लेप देऊन विजेच्या साह्यानें तांबें चढवीत. तें तांबें मेणापासून सोडविलें म्हणजे मूळाची उलटी प्रत हातीं येई, व तींत खांचेच्या जागीं उंचवटा असे. ह्या उलट्या प्रतीस कारखान्यांत पिता म्हणतात. पित्यावर पुन्हां धातु चढवून जी सुलटी प्रत निघते ती माता. मातेवरून आणखी एकवार उलटी प्रत काढावयाची, तोच छापाचा साचा. असे दोन साचे, एक वर व एक खालीं, दाबयंत्रांत बसवून त्यांच्यामध्यें तापवून मऊ केलेला गोळा ठेवितात आणि दाबतात. ही झाली तबकडी. पुढील काळांत मेणाऐवजीं लॅकरचा थर दिलेला अॅल्युमिनियमचा पत्रा आला, गायन आधीं ध्वनिफितीवर घेऊं लागले, आणि साच्यासाठीं निकेलचा वापर रूढ झाला. तरी वंशावळीची रचना हीच राहिली.

तेव्हां बाजारांत मिळणारी तबकडी ही मूळ मेणापासून चौथ्या पिढीची प्रत होय. प्रत्येक पिढींत कांहीं तरी गळतें व कांहीं तरी नवें चिकटतें. शिवाय साचा झिजतो. एका साच्यावर कांहीं शेंकडे, फार तर हजार-दोन हजार तबकड्या निघतात. मग मातेवरून नवा साचा करावा लागतो. मातेवरून साचे वारंवार सोडवितांना तीहि दुखावते, व पित्यावरून दुसरी माता काढावी लागते. लोकप्रिय गायनाच्या तबकड्या अशा रीतीनें अनेक मातांच्या अनेक साच्यांवर छापिल्या जातात. त्यांवरील कागदी चकती एकच, क्रमांक एकच, पण कूळ निराळें.

धातूची प्रत किती टिकाऊ असते, हें ताम्रपटांच्या अभ्यासकांस सांगावयास नको. सन १९७७ मध्यें अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं जीं दोन यानें अवकाशांत पाठविलीं, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या बसविल्या आहेत. त्यांत गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. लाखेच्या तबकडीवरील एक मराठी आवाज अशा रीतीनें खरोखरच ताम्रपटावर गेला आहे.

(३) कागद आणि पाठ

आतां तबकडीच्या द्रव्याकडे वळूं. सुमारें १९५० पर्यंतच्या बहुतेक तबकड्या लाखेच्या. लाख मुख्यत्वेंकरून हिंदुस्थानांतून, विशेषतः छोटा नागपूर व त्याच्या आसपासच्या प्रदेशांतून जगभर जात असे. परंतु तबकडींत शुद्ध चपड्याचा हिस्सा लहानच असतो. बाकीचा भाग दगडाची पूड, काजळ व कापसाचे तंतू यांचा. दगडाची पूड मुद्दाम घालीत. त्या काळीं पोलादी सुई प्रत्येक बाजूस नवी लावावयाची असे, व ती पहिल्या कांहीं फेऱ्यांतच घासून चरीच्या आकाराची व्हावी अशी योजना होती. ऐकूं येणारी एकसारखी खरखर ही मुख्यतः ह्या पुडीची. तिचा गायनाशीं संबंध नाहीं. ती कागदाची जात आहे.

ही जात कारखान्यागणिक बदलते. कोलंबिया कंपनीनें १९२० नंतरच्या दशकांत तबकडीचा गाभा जाडाभरडा ठेवून वरचा थर तेवढा बारीक द्रव्याचा देण्याची पद्धति आणली. अशा तबकड्या शेजारच्या एकजिनसी तबकड्यांहून पुष्कळच शांत वाजतात. उलट दुसऱ्या महायुद्धांत पूर्वेकडील जलमार्ग धोक्यांत आले, तेव्हां अमेरिकेच्या सरकारनें १९४२ सालीं तबकड्यांसाठीं लागणाऱ्या लाखेचा वापर शेंकडा ७० नें कमी करविला. अमेरिकेंत व इंग्लंडांत लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून, दळून, त्यांचें द्रव्य नव्यांत मिसळूं लागले. त्या काळच्या छापांत खरखर अधिक असली तर तिचें कारण साच्यांत न शोधतां द्रव्यांत शोधावें. दळल्या गेलेल्या तबकड्यांत कोणाकोणाचे आवाज होते, ह्याची गणती कोणीं केलेली नाहीं.

सन १९४८ मध्यें कोलंबिया कंपनीनें अमेरिकेंत मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घवादी तबकडी प्रसिद्ध केली. ती व्हिनाइल नांवाच्या कृत्रिम द्रव्याची. तींत दगडाची पूड नाहीं, म्हणून खरखर अत्यल्प; आणि चर जुन्या चरीच्या सुमारें एकतृतीयांश रुंदीची, म्हणून एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचें गायन मावूं लागलें. तीन-साडेतीन मिनिटांत राग आटोपण्याची सक्ति सुटली, ही आपल्या संगीताच्या दृष्टीनें केवढी गोष्ट झाली हें सांगणें नलगे.

परंतु येथेंच संग्राहकाची फसगत होते. व्हिनाइलचा छाप शांत वाजतो म्हणून तो मूळाशीं अधिक प्रामाणिक, असें तो धरून चालतो. जुन्या लाखेच्या तबकड्यांवरून पुढें ज्या दीर्घवादी तबकड्या काढण्यांत आल्या त्यांचें उदाहरण घ्या. त्यांत जुनी तबकडी वाजवून, तिचा ध्वनि फितीवर घेऊन, खरखर कमी करण्याकरितां वरचे सूक्ष्म स्वर गाळून, मग नवें लॅकर कोरलेलें असतें. खरखर जाते, तिच्याबरोबर तंबोऱ्याची जवारी व आवाजाची धारहि जाते. हा झाला शुद्धलेखन सुधारून केलेला नवा पाठ. वाचावयास सोपा, पण प्रमाण म्हणून आधार घ्यावयाचा तो खरखरीत लाखेचाच.

(४) हॅनोव्हर, सियालदह, डमडम

आपल्याकडील तबकड्यांच्या छापाचीं ठिकाणें संग्राहकानें लक्षांत ठेवावींत. सन १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यांत फ्रेड गैसबर्ग ह्या ग्रामोफोन कंपनीच्या तज्ज्ञानें कलकत्त्यास गौहरजान आदि कलावंतांचीं गायनें घेतलीं. मेणाच्या तबकड्या जहाजानें जर्मनींतील हॅनोव्हर येथें गेल्या आणि तेथून छापील प्रती परत हिंदुस्थानांत विक्रीस आल्या. हॅनोव्हरच्या कारागिरांस ना भाषा ठाऊक, ना गायिका. तेव्हां गाणें संपतांच गौहरजान इंग्रजींत आपलें नांव उच्चारीत असे, म्हणजे चकतीवर भलतें नांव पडूं नये. त्या काळच्या अनेक कलावंतांच्या तबकड्यांवर असा नांवाचा उच्चार ऐकूं येतो. पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव-गांव व शक लिहितो, त्या पुष्पिकेचीच ही ध्वनिरूप आवृत्ति होय. चकती फाटली किंवा बदलली तरी ही पुष्पिका राहते. म्हणून जुनी तबकडी नेहमीं शेवटपर्यंत ऐकावी.

सन १९०८ मध्यें कंपनीनें कलकत्त्यांत सियालदह येथें कारखाना काढला, व १९२८ च्या सुमारास तो डमडम येथें गेला. ह्याच सुमारास, म्हणजे १९०८ च्या आसपास, एका बाजूच्या तबकड्या जाऊन दोन्ही बाजूंच्या आल्या. त्यामुळें एकच गायन हॅनोव्हरच्या एकबाजू छापांत आणि कलकत्त्याच्या दुबाजू छापांत अशा दोन्ही रूपांनीं मिळतें. ओडियन व बेका ह्या जर्मन कंपन्यांच्या हिंदी तबकड्या जर्मनींत छापून येत. तर मुंबईंत १९३५ सालीं निघालेल्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनीच्या यंग इंडिया ह्या मुद्रेच्या तबकड्या मुंबईच्याच. इंग्लंडांत लाखेच्या तबकड्या १९६० च्या सुमारास बंद झाल्यावरहि डमडम येथें त्या छापल्या जात होत्या. बीटल्स ह्या इंग्रजी मंडळींचीं १९६३ नंतरचीं गाणीं हिंदुस्थानी छापाच्या लाखेच्या तबकड्यांवर आढळतात, व परदेशचे संग्राहक तीं आवर्जून शोधतात.

येथें एक शंका येणें साहजिक आहे. विलायती छाप चांगला कीं देशी? ह्या प्रश्नास एक उत्तर नाहीं, आणि वर सांगितलेला भेद ध्यानांत घेतला तर एक उत्तर असूंहि शकत नाहीं. प्रथम मूळ मेण किंवा मूळ ध्वनिफीत कोठें होती तें पाहावें. अली अकबर खां यांची जी दीर्घवादी तबकडी १९५५ सालीं अमेरिकेंत एंजल ह्या मुद्रेखालीं निघाली, तिचें वादन न्यूयॉर्क येथें घेतलेलें; तिच्या परदेशी छापासच मूळाचें सान्निध्य अधिक. उलट हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रित झालेल्या गायनाची फीत येथें असतां, परदेशच्या कारखान्याकडे बहुधा फितीची नक्कल जाते व तेथें तिच्यावरून नवें लॅकर कोरतात. जपानी छापांची शांतता संग्राहकांत प्रसिद्ध आहे, व ती खरी आहे. परंतु परदेशी संगीताच्या जपानी आवृत्त्या पुष्कळदां अशा नकलेवरून केलेल्या असतात. तेव्हां एका छापाचा कागद उत्तम, पाठ एका पिढीनें दूरचा. दुसऱ्याचा कागद मध्यम, पाठ जवळचा. दोन्ही गुण स्वतंत्रपणें नोंदवावे, एकांत मिसळूं नयेत.

(५) मधल्या कड्यावरील संकेत

तबकडीची खरी पुष्पिका चकतीवर नसून शेवटची चर व चकती यांच्या मधल्या गुळगुळीत कड्यावर असते. तेथें कोरलेला किंवा ठोकलेला मुख्य अंक म्हणजे मातृकाक्रमांक. चकतीवरचा सूचिक्रमांक विक्रीसाठीं. मातृकाक्रमांक ध्वनीच्या मूळ तबकडीचा. हस्तलिखितास मातृका म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे आहेच, तेव्हां हा शब्द येथें फारच चपखल बसतो. मातृकाक्रमांकापुढें लहान अंक किंवा अक्षर असतें. त्यावरून हें गायन कितव्या वेळचें, किंवा एकाच फितीवरून कोरलेलें कितवें लॅकर, हें कळतें. आमच्या स्नेह्यांकडे जाऊन नष्ट झालेली तबकडी ह्याच बारीक अंकानें निराळी होती.

इंग्लंडांत हेझ येथील कारखान्यानें (ह्याच्या इमारतीची कोनशिला १९०७ सालीं नेली मेल्बा ह्या गायिकेनें बसविली) आपल्या व्हिनाइल तबकड्यांवर मातेचा व साच्याचाहि क्रमांक दिला आहे. मातृकाक्रमांक आपल्यासमोर सरळ धरला असतां डाव्या हातास मातेचा अंक व उजव्या हातास साच्याचीं अक्षरें दिसतात. साच्याचा क्रमांक अंकांत न लिहितां अक्षरांत लिहिण्याची युक्ति कटपयादि संकेताच्या अभ्यासकांस आनंद देईल. ग्रामोफोन लिमिटेड ह्या कंपनीच्या इंग्रजी नांवांतून एकदांहि न दुहेरणारीं दहा अक्षरें घेतलीं आहेत: जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी. त्यांस क्रमानें १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, ० असे अंक. म्हणजे उजवीकडे जी व ओ हीं अक्षरें असलीं तर साचा १५ वा. आर व डी असलीं तर २० वा. डेक्का कंपनीच्या कारखान्यानें हीच युक्ति बकिंगहॅम ह्या शब्दावर बसविली: बी, यू, सी, के, आय, एन, जी, एच, ए, एम हीं दहा अक्षरें अनुक्रमें १ पासून ९ पर्यंत व शेवटचें ०. एका कारखान्याचा संकेत दुसऱ्यास लावूं नये, हें उघड आहे. जी ह्या अक्षराचा अर्थ हेझ येथें १, तर डेक्काच्या तबकडीवर ७.

अमेरिकेंत एकाच कंपनीचे अनेक कारखाने असल्यामुळें कड्यावर कारखान्याची खूण असते. आर. सी. ए. व्हिक्टरच्या तबकड्यांवर इंडियानापोलिस, रॉकअवे व हॉलिवुड ह्या ठिकाणांची आद्याक्षरें. कोलंबियाच्या तबकड्यांवर पिटमन, टेरे होट व सांता मारिया यांची. कॅपिटॉल कंपनीच्या लॉस एंजलिस येथील छापावर एक तारा, आणि व्हर्जिनियांतील विंचेस्टर येथील छापावर चक्क एका बंदुकीची आकृति, कारण विंचेस्टर हें बंदुकीचेंहि नांव. एकाच फितीवरून अनेक लॅकरें कोरून तीं ह्या निरनिराळ्या कारखान्यांस पाठवीत. म्हणून एकाच आठवड्यांत, एकाच चकतीसह निघालेल्या दोन तबकड्यांतहि ध्वनीचा फरक आढळतो.

पहिला साचा तो सर्वोत्तम, अशी एक भोळी समजूत संग्राहकांत आहे व तिच्यामुळें बाजारांतील किंमती फुगतात. आरंभीचा साचा झिजलेला नसतो, इतकेंच खरें. पण पहिल्याच मातेंत दोष राहून गेला असला तर तिचे सर्व साचे सदोष निघतील, आणि दुसऱ्या मातेचा दहावा साचा त्यांहून शुद्ध निघेल. शिवाय पहिल्या साच्याची पहिली तबकडी कोणती व हजारावी कोणती हें अक्षरावरून कळत नाहीं. सर्वांत जुनी पोथी ती सर्वांत शुद्ध, असें आपण म्हणत नाहीं; येथेंहि म्हणूं नये.

(६) परीक्षेची रीत

दोन छाप ताडून पाहतांना दोहोंसहि एकच यंत्र, एकच सुई व एकच आवाजाची पातळी ठेवावी. किंचित् मोठ्यानें वाजणारी तबकडी कानास नेहमींच सरस वाटते. पुष्कळ वाद ह्या एका कारणानें उत्पन्न झालेले आहेत. नंतर पुढील गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट, दोष कोठला आहे. महाभारताच्या ज्या चिकित्सक आवृत्तीचें आदिपर्व डॉ. सुकथनकर यांनीं १९३३ सालीं पुरें केलें, तिचे परिशीलन केलेल्या वाचकांस समान दोषाचें महत्त्व ठाऊक आहे. दोन पोथ्यांत एकाच ठिकाणीं एकच विचित्र चूक आढळली तर त्या एका मूळाच्या. तबकड्यांतहि असेंच. दोन प्रतींत त्याच शब्दावर तोच टकटक आवाज येत असेल तर तो दोष साच्याचा, मातेचा किंवा त्याहूनहि वरचा. कड्यावरील साच्याचीं अक्षरें निराळीं असूनहि आवाज तोच येत असेल तर साचा निर्दोष ठरतो व दोष मातेकडे किंवा पित्याकडे जातो. एकाच प्रतींत आवाज असेल तर तो बहुधा वापराचा ओरखडा. व्हिनाइलच्या एखाद्याच प्रतींत कांहीं क्षण कागद फाडल्यासारखा आवाज येतो. द्रव्य पुरेसें न तापल्यामुळें चरींत नीट न भरल्याचें तें लक्षण असून तो दाबयंत्रावरील दोष समजावा. ह्या एका परीक्षेनें दोन तबकड्यांचें नातें जुळवितां येतें, व कारखान्यावर विनाकारण ठपका येत नाहीं.

दुसरी गोष्ट, मधलें छिद्र. छिद्र बरोबर मध्यावर नसेल तर सुई फेऱ्यागणिक आंत-बाहेर झुलते व स्वर वर-खालीं होतो. हा दोष इतर संगीतांत खपेल, आपल्या संगीतांत खपत नाहीं. समजा, छिद्र अर्धा मिलिमीटर चुकलें आहे व सुई मध्यापासून ६० मिलिमीटरांवर, म्हणजे दीर्घवादी तबकडीच्या शेवटाजवळ आहे. तेथें स्वर शेंकडा सुमारें ०.८ चढेल व तितकाच उतरेल. एकंदर झोका शेंकडा १.६ हून अधिक. प्रमाणश्रुतीचें अंतर ८१:८०, म्हणजे शेंकडा १.२५. अर्थात् कारखान्याच्या अर्ध्या मिलिमीटराच्या हयगयीनें स्थिर षड्ज एका श्रुतीहून अधिक हालतो! दीर्घवादी तबकडींत हा झोका सुमारें १.८ सेकंदांनीं एकदां येतो, लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडींत सेकंदास १.३ वेळां. तो नियमित असल्यामुळें ओळखतां येतो. एखाद्या गायकाच्या स्वरस्थानांविषयीं तबकडीवरून लिहिणाऱ्यानें आधीं छिद्र तपासावें, मग गायकाचा कान तपासावा.

तिसरी गोष्ट, वेग. हा छापाचा दोष नसून मूळ मेणाचा गुण आहे, पण त्यामुळें छापांची तुलना बिघडते. जुन्या तबकड्यांस ७८ फेऱ्यांच्या म्हणतात तरी आरंभींच्या काळांत वेग सुमारें ७० पासून ८२ पर्यंत कोठेंहि असे. तेव्हां गायकाची पट्टी तबकडीवरून ठरवितांना इतर पुरावा पाहावा.

चौथी गोष्ट, झीज. लाखेची तबकडी जड यंत्रावर पोलादी सुईनें शेंकडों वेळां वाजलेली असते. मोठ्या आवाजाच्या जागीं, विशेषतः तार सप्तकांत, आवाज फाटत असेल व हळू जागीं स्वच्छ असेल तर ती झीज आहे, छाप नव्हे. चर प्रकाशांत तिरपी धरल्यास झिजलेला भाग करडा दिसतो.

(७) संग्राहकांस विनंति

दोन तबकड्यांचा सूचिक्रमांक एक दिसला म्हणून एक दुबार समजूं नये. यादी करतांना सूचिक्रमांकाबरोबर मातृकाक्रमांक, त्यापुढील लहान अंक, मातेचा अंक, साच्याचीं अक्षरें, छापाचें ठिकाण व गाण्याच्या शेवटीं उच्चारलेलें नांव, इतक्या गोष्टी नोंदवाव्या. कड्यावर कागद चिकटवूं नये. लाखेच्या तबकडीस स्पिरिट कधींहि लावूं नये. मऊ कापड व अगदीं थोडें पाणी पुरे, आणि तेंहि चकतीस लागूं देऊं नये. तबकड्या आडव्या रचून न ठेवतां पोथ्यांच्या उलट उभ्या ठेवाव्या, नाहींतर खालच्या वांकतात व लाखेच्या फुटतात.

हें सर्व करण्यास खर्च नाहीं. एक शिसपेन्सिल, पातळ कागद व एक भिंग एवढीच सामग्री. आपल्याकडील कित्येक गायकांचा आवाज केवळ तीन-तीन मिनिटांच्या दहा-पांच तुकड्यांत उरला आहे, व ते तुकडे कोणाच्या तरी माळ्यावर लाखेच्या रूपानें पडून आहेत. त्यांतील एखादी खरखरीत प्रत हीच त्या गायनाची एकमेव प्रत असण्याचा संभव आहे. ज्यांच्या संग्रहीं नाट्यपदांच्या जुन्या तबकड्या असतील त्यांनीं त्यांच्या मधल्या कड्यांचे ठसे घेऊन आम्हांकडे पाठविण्याची कृपा करावी. आम्हीं गमावलेल्या तबकडीच्या साच्यावर निदान कांहीं शेंकडे प्रती निघाल्या असतील. त्यांतील एक तरी कोठें जिवंत असेल, ही आशा आम्हीं सोडलेली नाहीं. इत्यलम्.